पान्याचे दोन ठोके

आमच्या थोरल्याची एक खोड पहिल्यापासून माझ्या डोक्यात जाते. चूक त्याची असली की तो हात पुसायला घेतो. लहान होता तेव्हा चड्डीला पुसायचा, आता गॅरेजातल्या फडक्याला पुसतो. आधी अंगठा, मग एकेक बोट, मग नखं, मग पुन्हा अंगठा. समोरचा बोलून बोलून दमतो, पण याचे हात काही स्वच्छ होत नाहीत. शेवटी समोरचाच म्हणतो, जाऊ दे. आणि हा खरंच जाऊ देतो. मिशा पिकायला लागल्या तरी फडकं काही सुटलं नाही.

त्या आठवड्यात तर तो सारखाच पुसत होता. हाताला ग्रीस नसलं तरी पुसत होता. जेवायला बसताना धुतलेले हात पुन्हा पुसले, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, कातडं ठेवा थोडं." कोणी हसलं नाही. आमच्या घरात तेव्हा हसायला कोणी मोकळं नव्हतं.

झालं होतं ते असं. आमचं गॅरेज घराला लागूनच आहे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन, आणि स्वयंपाकघरातून तिकडे जायला एक दार. हे होते तोवर गॅरेज हेच बघायचे. हे गेले आणि गॅरेज थोरल्याकडे आलं, निळी धाकट्याकडे. निळी म्हणजे आमची पिकअप. घेतली तेव्हाच जुनी होती, तिचं सगळं म्हातारपण आमच्याच दारात गेलं. धाकटा तिच्यातून काचवाल्याचा माल पोचवायचा. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची माणसाएवढी तावदानं. काच वाहणाऱ्या ड्रायव्हरला खड्डा डोळ्याला दिसायच्या आधी पोटात कळावा लागतो. माझ्या धाकट्याला कळायचा. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक आरसा तडकला नव्हता.

आणि पुलाच्या वळणावर निळी कठड्याला जाऊन धडकली.

काचा सगळ्या गेल्या. काचांचं एवढं नाही, काच पुन्हा कापता येते. पण मागे हौद्यात काचवाल्याचा हमाल तावदानं धरून बसला होता. त्याचा पाय मांडीत मोडला. धाकट्याला कपाळावर नुसता ओरखडा आला. तो ओरखडा त्याला किती बोचला असेल ते मला विचारा. हमालाच्या बायकोसमोर तो कपाळावर केस ओढून उभा राहायचा.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळेच जमले होते. काचवाला होता, हमालाची बायको होती, आमच्या गल्लीतले चारजण होते. काचवाल्यानं विचारलं, "असं झालं तरी कसं?" धाकट्यानं तोंड उघडलं, पण थोरला त्याच्या आधी बोलला. मोठ्या आवाजात बोलला. "गाडीत काही दोष नाही. परवाच मी स्वतः बघितली होती. हात कच्चा आहे याचा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि लगेच फडकं काढलं.

घरी येऊन धाकट्यानं निळीची किल्ली खिळ्याला टांगली. त्या दिवसापासून हॉस्पिटलला पायी जायचा. हमालाला उठवून बसवायचा, पाणी द्यायचा, कूस वळवायचा आणि पायीच परत यायचा. मग एके दिवशी म्हणाला, दूरच्या एका गोदामावर राखणदाराची जागा आहे, सोमवारी निघतो.

"गाडी?" मी विचारलं.

"कुठल्याच गाडीला हात लावणार नाही, आई."

"अरे, पण झालं काय होतं, ते मला तरी सांगशील?"

तो चपलेचा अंगठा बघत बसला. मग म्हणाला, "मी वळवलं होतं. चाक उशिरा वळलं." एवढंच. थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "स्टेअरिंग सैल लागतंय म्हणून दादाला आधीच सांगितलं होतं. त्यानं बघितली आणि म्हणाला, काही नाही, तुझा भास आहे. भासच असेल. जाऊ दे."

बघा, ह्या दुसऱ्या पोराचंही तेच, जाऊ दे. पण ज्याचा हात गाडीवर बसलाय त्यानं स्टुलावर बसून दुसऱ्याच्या गोदामाची कुलपं राखायची, आणि त्या हमालाचा पाय आपणच मोडला असं मानून उरलेला जन्म काढायचा, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी दोघांचीही आई आहे. एकाचं खरं मानून दुसऱ्याला खोटा ठरवायचा, तर आधी हात लावून बघायला हवं होतं. ह्यांनी मला तेवढं शिकवलं होतं.

आता ते कसं शिकवलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

गाडीच्या पुढच्या भागाचे सांधे दोन तऱ्हेनं तपासायचे असतात. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे तपासताना गाडी जमिनीवरच हवी, चाकांवर भार हवा. त्याला माणसं दोन लागतात. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. सांधा घट्ट असेल तर दोन्ही बाजू एकदम हलतात. झिजला असेल तर एक आधी हलते, दुसरी मागाहून येते आणि हाताखाली टक होतं.

आमच्याकडे खाली हे असायचे आणि वर मी. लग्न झालं त्या वर्षापासून. तेव्हा बायका स्टेअरिंगवर बसत नसत, रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. बघोत बापडे. चालू इंजिनांच्या गोंगाटात ओरडून काही कळत नसे, म्हणून ह्यांनी खूण ठरवली होती. पान्यानं चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, एक ठोका म्हणजे हा सांधा ठीक, पुढे चल. दोन ठोके म्हणजे झिजलाय. गिऱ्हाईक उभं असलं तरी दोनाचा एक कधी झाला नाही. एका दांडग्या गिऱ्हाइकानं एकदा सांगितलं होतं, "बाई, जरा एकच ठोका ऐकू आला असं म्हणा." मी त्याला म्हटलं, कान माझे, डोकं तुमचं, उद्या फुटलं तर कुणाचं म्हणायचं?

दोन्ही पोरं ह्या ठोक्यांवर वाढली. त्यांना पाढे यायच्या आधी ठोके यायचे.

रविवारी सकाळी मी गॅरेजात गेले. निळी आत उभी होती. थोरल्यानं तिचा डावा दिवा बदलला होता, डावं मडगार्ड ठोकून सरळ केलं होतं, वर रंगही मारला होता. कठडा डावीकडून लागला होता ना.

"फार घाई केलीस रंगाची," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक आलंय तिला. धाकटा तर चालवणार नाही म्हणतो."

"विकायच्या आधी खालून बघू एकदा. मी वर बसते."

त्यानं फडकं उचललं. "आई, मी बघितलीय. सगळं ठीक आहे."

"मग दुसऱ्यांदा ठीक निघेल. झोप खाली."

"तुझ्या गुडघ्यांना चढवेल का वर?"

"माझे गुडघे झिजलेत, हे मी चारचौघांत कबूल करते. तू झोप."

तो झोपला. मी वर चढले. ह्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं ते स्टेअरिंग मी धरलं आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवायला लागले. इंजिन बंद होतं, गॅरेजात शांतता होती. पण थोरल्याच्या हाताला सवय होती, त्यानं पान्यानंच सांगितलं. डावीकडचा बाहेरचा सांधा. एक ठोका. आतला. एक ठोका. मग तो सरपटत उजवीकडे गेला. आता माझ्या हातात स्टेअरिंग चार बोटं फिरत होतं आणि खाली काहीच वळत नव्हतं. हे मला वर बसून कळत होतं. दरवाज्यातून वाकून बघितलं तर उजवं चाक जागचं हललंही नव्हतं.

खालून काही आवाज आला नाही.

मी हलवत राहिले. तो पडून राहिला. मग चेसिसवर एक ठोका पडला. एकच.

आयुष्यात माझ्याशी खूप जण खोटं बोललेत. दुकानदार बोललेत, नातेवाईक बोललेत, आणि त्यांची मी धिंड काढली आहे. पण तो एक ठोका माझ्या पायाखालून आला, ह्यांच्या पान्यानं आला. मी खाली उतरले. स्वयंपाकघराच्या दारातून धाकट्याला हाक मारली. तो पिशवी भरत होता, हातात घडी केलेला शर्ट घेऊन तसाच आला.

"वर बस," मी म्हटलं.

"आई, मी सांगितलंय ना तुला..."

"चालवायला सांगत नाही. जागच्या जागी हलवायचंय. तेवढं तर गोदामाचा राखणदारही करील."

तो शर्ट मांडीवर ठेवून बसला. स्टेअरिंग त्यानं बोटांच्या टोकांनी धरलं. मी जमिनीवर पोतं अंथरलं आणि आडवी झाले. थोरला घाबरून म्हणाला, "आई, अगं काय करतेस, पाठ धरेल!"

"सरक तिकडे. तुझे बाबा इथं झोपायचे तेव्हा दोन माणसांची जागा व्हायची. तू एकटाच किती पसरलायस!"

मी सरपटत उजव्या चाकाशी गेले. थोरला बाजूलाच पडला होता, तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर. इतक्या जवळून मी त्याला तो अंगावर पीत होता तेव्हा बघितलं असेल. मी सांध्यावर तळहात ठेवला आणि धाकट्याला म्हटलं, "हलव."

टक. मग पुन्हा टक. दांडी आधी येत होती, चाकाकडची बाजू मागाहून, आळशी नोकरासारखी. रबरी टोपी फाटून लोंबत होती. बोट आत घातलं तर ग्रीसचा थेंब नाही, नुसती गंजाची लाल भुकटी. भुकटी माझ्या बोटाला लागली.

मी थोरल्याच्या हातातून पाना घेतला आणि चेसिसवर ठोके दिले. दोन.

वर स्टेअरिंग हलायचं थांबलं. धाकट्याला पाढ्यांआधी ठोके यायचे, हे मी सांगितलंच आहे. मग शर्टात तोंड खुपसून कोणी रडलं तर जसा येईल, तसा आवाज आला. मी खाली पडून गाडीच्या तळाकडे बघत राहिले. रडू दिलं त्याला. त्याला आठवडाभर कोणी रडू दिलं नव्हतं.

थोरला खालच्या आवाजात म्हणाला, "धडकेनं झालं असेल, आई."

"धडक डावीकडे लागली. हा सांधा उजवीकडचा." मी भुकटीचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "आणि हा गंज काय कठड्यावरून उडून इथं येऊन बसला? धडकेनं मोडतं ते चकचकीत मोडतं. हे कधीचं सुकलंय."

पाठीवर झोपलेल्या माणसाला हात पुसता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. फडकं वर राहिलं होतं.

मग तोच उठला. मला हात देऊन बाहेर ओढलं. जॅक आणला आणि उजवं चाक ज्या लोखंडी हातावर बसतं त्या खालच्या आर्मखाली लावला. तपासायची दुसरी तऱ्हा ती ही. चेसिसखाली नाही, आर्मखाली. गाडी उचलली, बाजूला लाकडी ठोकळे लावले, चाकाखाली पहार घातली आणि वर दाबली. चाक खडकन वर आलं, आर्म तिथंच राहिला. चाकाचं सगळं वजन ज्यावर फिरतं, तो खालचा बॉल जॉइंटही खलास होता. धाकटा उतरून बाजूला उभा होता. त्यानंही बघितलं.

ह्यांचं एक बोलणं होतं. "सांधा आणि माणूस, ओझ्याखाली असला की दुखणं दाखवत नाही. आधी ओझं उतरव, मग विचार." चेसिसखाली जॅक लावला की चाक हवेत लोंबतं खरं, पण स्प्रिंग सांध्यावर जोर देऊन त्याला आवळून धरते. कितीही हलवा, घट्टच लागतो. आर्मखाली लावला की स्प्रिंगचा जोर जॅकवर जातो, मग सांधा मोकळा होऊन बोलतो. हे पोरांना ह्यांनी कान पिळून शिकवलं होतं.

"मागच्या वेळी कुठं लावला होतास?" मी विचारलं.

"चेसिसखाली." थोरला पहारीशी बोलत होता. "दोन गाड्या आणखी उभ्या होत्या. आर्मखाली लावायचा तर दोन्ही बाजूंनी दोनदा उचलावी लागते. चेसिसखाली एकदाच. घट्ट लागला म्हणून सोडून दिलं. दांड्याही एकट्यानंच बघितल्या. वर बसायला तुला हाक मारायला हवी होती."

"आणि नंतर? मडगार्ड काढलंस तेव्हा?"

"तेव्हा उजवी बाजूही उघडून बघितली. दिसलं."

"दिसलं, तरी मूग गिळून बसलास?"

त्याचा आवाज चढला. "मग काय करू? गॅरेजवर बाबांचं नाव आहे! लोक म्हणाले असते, स्वतःच्या भावाची गाडी बघता येत नाही, आमची काय बघणार? एकही गाडी दारात आली नसती. सगळं घर या पत्र्याखाली चालतं. तो एकटा आहे, त्याला कुठंही काम मिळालं असतं."

ऐकलं का. त्यानं सगळा विचार केला होता. घराचा केला, बापाच्या नावाचा केला. फक्त खोटं ज्याच्या डोक्यावर ठेवलं, तो आपला भाऊ आहे एवढं विसरला. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती. बाप गेल्यापासून एवढं मोठं ओझं घेऊन हा माणूस घट्ट दिसत उभा होता, आणि आम्हीही म्हणत होतो, थोरला आहे ना, काळजी नाही.

पण दया आली म्हणून दोनाचा एक होत नाही.

धाकटा एवढंच म्हणाला, "म्हणजे माझा हात नव्हता, दादा." तो विचारत होता की सांगत होता, कळलं नाही. थोरल्यानं मान हलवली. खाली बघून हलवली.

मग दिवसभर काम चाललं. थोरला सुटे भाग घेऊन आला. चाक काढलं, पिन ओढली, नट सैल केला. सांधा आपल्या खोबणीत रुतून बसला होता, तो ओढून निघत नाही. त्याच्या बाजूच्या लोखंडावर दोन्हीकडून एकदम हातोडे मारावे लागतात, मग तो आपोआप सुटतो. एका बाजूला थोरला उभा राहिला. दुसरी बाजू रिकामी होती. तो बोलावीना, हा पुढे होईना. दोघंही तसेच माझ्या जातीचे, ताठ. मीच दुसरा हातोडा उचलायला वाकले, तेव्हा धाकट्यानं तो माझ्या हातातून घेतला. दोघांनी एकदम मारलं. तिसऱ्या की चौथ्या घावाला सांधा सुटून खाली पडला.

जुना सांधा काढण्याआधी तो दांडीवर कुठवर बसलाय त्याची थोरल्यानं खडूनं खूण केली होती, नवा तेवढाच आत फिरवला. बॉल जॉइंट बसवला, नवी पिन दुमडली, ग्रीस भरलं, टोपीतून जास्तीचं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरलं. मग डावी बाजूही सगळी उघडून बघितली, आर्मखाली जॅक लावूनच. शेवटी मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणून चाकं सरळ आहेत का ते पाहिलं. एक टोक थोरल्यानं धरलं, एक धाकट्यानं. बोलणं फक्त "थोडं आत" आणि "थोडं बाहेर". मी दारात बसून बघत होते. माझं लक्ष दोरीवर नव्हतं.

ऊन उतरायच्या आत काम झालं. मी पुन्हा वर बसले आणि थोरला खाली झोपला. एकेक सांधा, एकेक ठोका. या वेळी प्रत्येक ठोका खरा होता. माझ्या हातालाही तेच कळत होतं, स्टेअरिंग बोटभर हललं की चाक हलत होतं.

थोरला बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी थोडं रक्त दिसलं. "झालं," तो म्हणाला. "आता निळी आणखी दहा वर्षं जाईल. विकायची नाही. धाकट्या, उद्यापासून तूच चालव. संपला विषय." आणि त्यानं फडकं उचललं. आधी अंगठा.

धाकटा लगेच म्हणाला, "हो, जाऊ दे आता."

मी खाली उतरले. जमिनीवर पडलेला तो जुना सांधा उचलला, फाटक्या टोपीसकट, आणि थोरल्याच्या हातातलं फडकं काढून घेऊन त्या जागी ठेवला.

"हात नंतर पूस," मी म्हटलं. "गाडीचा विषय संपला, तुझा नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चारजणांसमोर भावाला कच्चा म्हणालास, आणि हमाल बिचारा आतून ऐकत पडला होता. आता हा सांधा घेऊन तिथंच जायचं, त्याच व्हरांड्यात, त्याच आवाजात सांगायचं की जॅक मी चुकीचा लावला. काचवाल्याला मी बोलावलंय, तो येतोय. गिऱ्हाइकं जातील तर जाऊ देत. तुझ्या बापाचं नाव त्या पाटीवर आहे ते दोन ठोके देणाऱ्याचं आहे, एक देणाऱ्याचं नाही. किल्ली खिळ्यावर आहे. धाकटा चालवील. मी त्याच्या शेजारी बसेन. आणि तू पुढे बसायचं नाहीस, राजा. तू मागे हौद्यात बसशील, जिथं तो हमाल बसला होता. पुलाच्या वळणापर्यंत तसाच बस, म्हणजे भावाचा हात कच्चा आहे की पक्का, ते तुला तिथून नीट कळेल. चल, चढ."